घासलेटासाठी रुसवा

जळगावहून शिरपूरला जायचं तर चोपड्यावरून जावं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पण मला मुंबई-आग्रा रोड हवा होता. नवी गाडी घेतलेल्या माणसाला जवळचा रस्ता सांगण्यात काही अर्थ नसतो. एरंडोल, पारोळा, धुळे, सोनगीर आणि मग तापी ओलांडून शिरपूर, असा लांबलचक वळसा मी मुक्रर केला आणि सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, "वेड पांघरून पेडगावला चाललात," एवढंच म्हटलं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी हायस्कुलात चित्रकला शिकवत होतो आणि इतकी वर्षं बुलेटवर फिरत होतो. बुलेट म्हणजे चालती-बोलती पाटीलकी. तिच्यावर बसायचं, ती आपल्याला नेते. कुठे अडली तर गावोगावी मिस्त्री होतेच. लग्नानंतरची पहिली वर्षं सुमनने निम्मी संसारात आणि निम्मी निरनिराळ्या गॅरेजांच्या बाकड्यांवर काढली. मग मी कुठेतरी ती नवी शर्यतीच्या घाटाची गाडी पाहिली. हलकी, टू-स्ट्रोक, टाकी निमुळती, आणि कान पिळला की पुढचं चाक उचलू पाहणारी. पाहिली आणि संपलंच. बुलेट माझा मित्र मधू याच्याकडे गेली. मन बदललं तर आखाजी उरकेपर्यंत परत ने, असं तो भला माणूस म्हणाला होता.

सुमनने हे वाक्य बरोबर लक्षात ठेवलं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला, खानदेशात लेकी माहेरी येतात तो मोठा सण) तिला शिरपूरपलीकडच्या माहेरी न्यायचं होतं. निघायच्या आदल्या आठवड्यात तिने अट घातली.

"या गाडीचं नाव तिकडे कुणी ऐकलेलं नाही. तुम्हालाच तिचं सगळं आलं पाहिजे. जाऊन परत येईपर्यंत तुमच्याशिवाय कुणाचाही हात तिला लागला, तर मधूभावजींकडून बुलेट परत आणायची. कबूल?"

मी कबूल म्हणालो. दुसऱ्याच दिवशी मी याकूबभाईंच्या गॅरेजात शिकाऊ म्हणून दाखल झालो. प्लग काढून घासायचा, त्याची फट हॅक्सॉच्या तुटक्या पात्याने मापायची, पेट्रोलमध्ये तेल मापानेच घालायचं आणि चेन सारखी पाहत राहायची, असे चार धडे त्यांनी दिले. बुलेटला चेन आहे हे मला ऐकून माहीत होतं. ती कधी पाहायची वेळ आली नव्हती. आठवडाभरात माझी नखं काळी झाली आणि वर्गातली मुलं मला शाई सांडली का विचारू लागली. मी हवेत होतो.

निघालो त्या दिवशी तांबडं फुटत होतं. सुमन मागच्या चढत्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसली होती, मांडीवर पिशवी आणि पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली तेलाची बाटली. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्याला. नव्या गाडीचं नेमकं उलटं. डोक्याला हे समजलं होतं, पायाला कोणी सांगितलं नव्हतं. गिअर बदलायला गेलो की गाडी गपकन थांबायची आणि सुमनचं कपाळ माझ्या पाठीवर आपटायचं. एरंडोल येईपर्यंत तिने आमच्या दोघांमध्ये पिशवी ठेवली. पण त्यापुढे रस्ता मोकळा लागला, मी कान पिळला, गाडी किंचाळत सुटली आणि मी मोठमोठ्याने हसत सुटलो. कशाला हसतोय ते मला सांगता आलं नसतं. मागून सुमनही हसत होती. नंतर तिने ते नाकारलं.

पारोळ्याला पेट्रोल भरलं आणि तिथे माझा बुलेटी स्वभाव नडला. याकूबभाईंनी बाटलीचं बूच मापाला दिलं होतं. मला वाटलं, एवढी पळवतोय, बिचारीला थोडं जास्तच घालू. पाहुण्याच्या पानात तूप वाढावं तसं मी हात सैल सोडून तेल वाढलं. धुळ्यापर्यंत आमच्या मागे निळ्या धुराचा पडदा होता आणि त्या पडद्यामागे ट्रकवाले आम्हाला काय म्हणत होते ते ऐकू येत नव्हतं, हे बरंच होतं. धुळ्यात शेव-पोह्यांवर ताव मारला. सोनगीरचा किल्ला दिसू लागला आणि गाडी फट्‍फट्‍ करून मेली.

सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. आम्ही थांबलो ते एका तांबटाच्या दुकानापुढेच. हातातली हंडी खाली ठेवून तो आला. मी हत्यारं पसरली, प्लग काढला, तो तापलेला होता हे विसरून बोटं भाजून घेतली आणि तो मातीत पाडला. प्लग काजळीने माखला होता. तांबट खाली वाकला.

"आना इकडे. चिंच लाईसन घसा, लख्ख हुई जाई." (चिंच लावून घासा, लख्ख होईल.)

त्याचा हात पुढे आला तशी सुमन मध्ये आली. "भाऊ, हात नका लावू," ती म्हणाली, आणि ते इतकं करड्या आवाजात की बिचारा दोन पावलं मागे सरला. मग तिनेच त्याला आमची अट सांगितली. त्याला ती इतकी आवडली की शेजारचे चारजण बोलावून त्याने त्यांनाही सांगितली. त्या सगळ्यांच्या देखरेखीखाली मी प्लग घासला, पात्याने फट मापली, प्लग बसवला आणि किक मारली. गाडी ओरडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी शाळेतल्या नाटकात करतो तसं वाकून अभिवादन केलं. परतताना त्याच्याकडूनच हंडी घेऊ, असं सुमनने कबूल केलं.

तापीच्या पुलावर ऊन चांगलंच चढलं होतं. शिरपूर मागे टाकून आम्ही सातपुड्याच्या पायथ्याकडे वळलो. इथून डांबर संपतं आणि फुफाटा (मऊ, खोल धूळ) सुरू होतो. सुमनच्या गावात आमचं स्वागत नेहमी ठरलेलं. बुलेटचा आवाज नाल्याजवळ ऐकू आला की सासूबाई चुलीवर आधण ठेवत, भाकरतुकडा हातात घेऊन दारात येत आणि आबा, म्हणजे माझे सासरे, पागोटं सारखं करत ओट्यावर उभे राहत. या खेपेला दारात कोणीच नव्हतं. कुत्री मात्र झाडून सगळी आली. गाडीची किंचाळी ऐकून सासूबाई बाहेर आल्या त्या आधी चक्कीवाल्याला हाक मारत, पट्टा तुटला का म्हणून.

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं, मग लांब रस्त्याकडे.

"जावाई, बुलेट कथी शे?" (बुलेट कुठे आहे?)

मी सांगितलं. आबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "हाई तं शिंगरू शे," (हे तर शिंगरू आहे) ते म्हणाले आणि आत गेले. त्यांचा जीव त्या बुलेटवर होता. लेक बुलेटवरून येते, हे ते बाजारात चारचौघांना ऐकवत. रात्री ते घाईने जेवून उठले. मला वाईट वाटलं, पण गाडी अंगणात चांदण्यांखाली उभी होती आणि तिच्याकडे पाहिलं की वाईट टिकत नव्हतं.

सकाळी आखाजी. लिंबाच्या झाडाला झोके बांधलेले, माहेरवाशिणी गाणी म्हणत उंचच उंच चाललेल्या, त्यांत सुमनही. घरात खापरावर (उपड्या मातीच्या भांड्यावर) परातीएवढ्या पुरणपोळ्या भाजल्या जात होत्या. मी हळूच गाडीशी गेलो. फुफाट्याने चेन लाल झाली होती आणि इतकी सैल, की चाक फिरवलं तर वरच्या पत्र्याला आपटत होती. असं परत निघालो असतो तर वाटेत उतरलीच असती. मी अंगणात फतकल मारली आणि चेनला हात घातला मात्र, सासूबाईंनी पाहिलं.

"आखाजीना दिन जावाईना हात काया? लोके काय म्हनतीन?" (सणाच्या दिवशी जावयाचे हात काळे? लोक काय म्हणतील?)

माझ्यापुढची घासलेटची वाटी गेली, पान्हा गेला, माझे हात राखेने धुतले गेले आणि मला ओट्यावर सतरंजीवर बसवण्यात आलं. जावई म्हणजे देव, आणि देवाने हालचाल करायची नसते. आबांनी विहिरीवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला निरोप धाडला, जेवणं झाली की येऊन जावयाची गाडी पाहून दे म्हणून. मी झोक्यावरच्या सुमनकडे केविलवाणा चेहरा करून पाहिलं. ती खाली येताना म्हणाली, "बुलेट," आणि पुन्हा वर गेली.

पंगत बसली. समोर पुरणपोळी, आमरस, कुरडया, आणि मला आग्रह. जावयाने पानावरून अर्ध्यात उठायचं नसतं आणि पान रिकामं तर कोणी होऊ देत नव्हतं. तेवढ्यात फाटकाशी मिस्त्री दिसला, खांद्यावर घणासारखा पान्हा घेऊन. माझी गाडी हातची चालली. काय करावं सुचेना. आणि एकदम सुचलं. जावई रुसतो! आमच्याकडे तो त्याचा हक्कच. रुसलेल्या जावयाला नाही म्हणायचं नाही, म्हणतात.

मी हातातला घास पानात ठेवला, हात मागे घेतला आणि तोंड फिरवून बसलो.

वाढणाऱ्यांचे हात थांबले. लग्नापासून मी कधी रुसलो नव्हतो. शेजारच्यांचा जावई मागल्या वर्षी स्कूटरसाठी रुसला होता आणि त्यांची एक म्हैस बाजारात गेली होती. आबांचा चेहरा उतरला. ते उठून माझ्यासमोर येऊन बसले. आवाज खाली गेला होता.

"काय जोयजे, सांगा." (काय हवं, सांगा.)

"घासलेट," मी म्हणालो. "वाटीभर. माझा पान्हा परत. आणि माझ्या गाडीला कोणी हात लावायचा नाही, मीच लावणार."

क्षणभर कोणालाच कळलं नाही. मग आबा हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, पागोटं सुटलं, सासूबाई पदर तोंडाला लावून आत पळाल्या. आबांनी स्वतः उठून घासलेट आणलं, वाटीभर नव्हे, डबाभर.

मग अंगणात जो सोहळा झाला त्यापुढे झोके ओस पडले. सारा गाव रुसलेल्या जावयाला पाहायला आला. बाज टाकून आबा अगदी पुढे, शेजारी मिस्त्री, त्याला खास पान्हा मांडीखाली घालून बसायला लावलेलं. मी चेन घासलेटने घासली, पुसली, मागच्या चाकाचा नट ढिला केला, दोन्हीकडचे स्क्रू सारखे फिरवले, बोटाने चेन वर-खाली हलवून पाहिली. शेवटी थेंब थेंब तेल सोडलं. आबांना ते पाहवेना.

"इतलंसं वंगण? बैलगाडीले बी जास्ती लागस." (एवढंसं वंगण? बैलगाडीलाही जास्त लागतं.)

जास्त घातलं तर धूळ धरते, असं मी समजावलं. आबांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. कापूस आणायला बैलगाडी हाकत आयुष्य गेलेला माणूस तो. त्याच्या बोटांची चुळबुळ चालूच होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. सुमनने आबांनी घेतलेली नवी आखाजीची साडी नेसली होती, पिवळी, हिरव्या काठांची. सगळ्यांच्या पाया पडून झालं. आबा निरोप देताना नेहमी तिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवतात. या वेळी ते उपरण्याखाली हात घेऊन उभेच राहिले, नुसती मान हलवली. शिरपूर येईपर्यंत सुमन मागे वळूनच पाहत होती. आबा अजून बुलेटवरूनच नाराज आहेत, असं मला वाटलं. तापीच्या पुलावर ती म्हणाली, "हातसुद्धा ठेवला नाही हो." मला गाडी पळवायची इच्छा राहिली नाही.

सोनगीरला तांबटाच्या दुकानापुढे उतरलो. सुमन हंडी पाहायला वळली आणि मी पाहतच राहिलो. तिच्या नव्या साडीवर मागून खालपासून वरपर्यंत काळ्याभोर ठिपक्यांची रांग उठली होती. मी वाकून चेन पाहिली. माझे थेंब कुठेच नव्हते. चेनवर बोटभर जाडीचं वंगण चोपडलेलं होतं, कडी न कडी, आणि त्यावर आग्रा रोडची सगळी धूळ.

माझ्याशिवाय कोणाचा तरी हात लागला होता. अट संपली. गाडी गेली. मी तिथेच मटकन बसलो.

सुमनही खाली वाकली. तिने बोटावर ते वंगण घेतलं, वास घेतला. मग साडी, काठ, सगळं विसरून ती धुळीत बसलीच.

"हे आबांच्या बैलगाडीचं वंगण आहे," ती म्हणाली. "त्यांचे हात काळे होते हो. म्हणून ठेवले नाहीत डोक्यावर."

ती हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि पुसताना वंगण कपाळभर झालं. मी विचारलं, मग अटीचं काय? तिने माझ्या खिशातलं फडकं ओढून घेतलं आणि चेन पुसायला लागली.

"कुणाचाही हात म्हणजे परक्याचा. आबा काय परके आहेत? आणि घ्या, आता माझाही लागला."

तांबट धावत बाहेर आला. साडीचे डाग पाहून त्याने चिंच सुचवली, आणि फडकं घ्यायला हात पुढे केला.

"भाऊ," सुमन म्हणाली, "तुम्ही नका."

जळगावला पोचलो तेव्हा आम्ही दोघंही इतके काळे होतो की शेजारणीने आधी ओळखलंच नाही. बुलेट मधूकडेच राहिली. चेन नीट ठेवायची तर ती रोज पाहावी लागते, हे मी त्या प्रवासात शिकलो, आणि घरातल्या माणसांचंही फारसं निराळं नसतं असं आता वाटतं. साडीचे डाग घासलेटने गेले नाहीत, चिंचेनेही गेले नाहीत. पुढल्या आखाजीला सुमनने तीच साडी नेसली. निघताना आबांनी ते डाग पाहिले, आपले स्वच्छ धुतलेले हात दोन्हीकडून नीट तपासले आणि तिच्या डोक्यावर ठेवले.