कंबरेचा एमआरआय

या सदरातले अनुभव वाचून मी आजवर फक्त हसत आलोय. भूतबीत काही नसतं, असतो तो ढिसाळ कारभार — हे माझं ठाम मत. आणि त्या दिवशी मी भांडलो तोही ढिसाळ कारभारावरूनच...

आम्ही बेसाला राहतो. आई घरीच साड्यांना फॉल-पिको करते. गेल्या वर्षी तिच्या हातातून सुई सुटायला लागली, चालताना तोल जायला लागला. धंतोलीत तीन डॉक्टर झाले. एक म्हणाला वय, दुसरा म्हणाला व्हिटॅमिन, तिसऱ्याने हाताकडे न बघताच कंबरेचा एमआरआय लिहून दिला. माझं डोकं तिथेच फिरलं होतं.

एमआरआय सेंटरवर स्कॅन झाल्यावर आई बाहेर येऊन म्हणाली, “त्या बाईचे हात किती थंडे होते गा! मानेवर पिंजऱ्यावानी काही ठेवलं, अन् म्हने हालू नको वं.” मी लक्षच दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट मिळाला — नाव आईचंच, पण मानेचा! मी काउंटरवर आवाज चढवला. “कंबर लिहिलंय ते दिसत नाही का तुम्हाला?” तिथली मुलगी रडकुंडीला आली. पुन्हा काढून देते म्हणाली, पण आई अडून बसली. “मले नाही जायचं आता त्या मशीनमंधी.”

शेवटी वैतागून तोच ‘चुकीचा’ एमआरआय घेऊन चौथ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आईला मूठ भराभर उघडमीट करायला सांगितली. जमेना. मग तिच्या मधल्या बोटाच्या नखावर टिचकी मारली, तर अंगठा आपोआप आत वळला.

“कंबरेचं सोडा. मानेत मज्जारज्जू दबलाय. आणखी थांबलात तर हातपाय जातील, आणि गेलेलं परत येईलच असं नाही.”

त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. मानेचं हाड मागून उघडून मज्जारज्जूला जागा करून दिली. फिल्ममध्ये दिसलं होतं नेमकं तिथेच दबलेलं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

दोन महिन्यांनी आईने सुईत दोरा ओवला. पाच वेळा चुकला, सहाव्यांदा गेला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो.

मग लाज वाटून सेंटरवर माफी मागायला गेलो. टेक्निशियनने रजिस्टर काढलं. “मी तं कंबरच काढली ना जी,” म्हणत त्याने कपाटातून एक पाकीट पुढे केलं. वर आईचं नाव, तीच तारीख, तीच वेळ. आत कंबरेच्या फिल्म. आई मशीनमध्ये गेली होती एकदाच.

“मग मानेचा कोणी काढला? ती बाई कुठे आहे?”

“कोणती बाई जी? त्या दिवशी मशीनवर मी एकटाच होतो.”

काउंटरवरच्या मुलीची माफी मागितली. पण खरं सांगतो, अजून चिडचिड होते. ज्या चुकीसाठी मी एवढा भांडलो, ती तिथे कोणी केलीच नव्हती. आई रोज फॉल लावताना विचारते, “त्या बाईले भेटला का गा?” काय सांगू तिला?