बऱ्या मुलखाची गोष्ट

कोणाच्याही घरात शिरले की आमचे साहेब आधी हंड्यावर बोटाने टकटक करत आणि विचारत, “पाणी कुठून आणता?” नाव-गाव मागाहून.

एकोणीसशे पन्नास-साठच्या मधली ती वर्षं. सरकारी पाहणीसाठी ते आणि मी पौडला मुक्कामी होतो. लोक काय खातात, दवाखाना किती लांब, अंगावरचं लुगडं किती जुनं, हे विचारत तक्ते भरायचे. मी नवखा. त्यांनी वऱ्हाड, कोकण, नगरचा कालव्याचा भाग पालथा घातलेला. त्याआधी लष्करात कारकून असताना पंजाबही. पौडच्या स्टँडवरचा चहासुद्धा त्यांना नुसता पिता येत नसे. तो कोकणापेक्षा गोड आणि वऱ्हाडापेक्षा पातळ निघे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एका जागी असतात, पण तिथे नसतात.

मुळशीच्या धरणावरच्या डोंगरात एक धनगर जोडपं राहत होतं. बाई झऱ्यावरून हंडा घेऊन आली, तेव्हा तिला धाप लागली होती. नाचणी फाल्गुनातच संपली होती. साहेबांनी सवयीने नगरकडचं सांगितलं: घरामागून पाणी वाहतं, उसात बारमाही काम, दोन वेळा ज्वारीची भाकरी. बाईने विचारलं, “तितं आमास्नी कुनी ठिवून घील का?”

“का नाही?” साहेब म्हणाले.

पंधरा दिवसांनी राहिलेले रकाने भरायला गेलो, तर झोपडीचं दार दोरीने बांधलेलं. शेजारचा म्हातारा म्हणाला, “तुमीच सांगितलं न्हवं? गेली ती.”

त्या दिवसापासून त्यांचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. लिहिलेलं खोडत, पुन्हा तेच लिहीत. शेवटी रजा टाकून नगरकडे गेले आणि गावोगाव विचारत फिरले. परतल्यावर पौडच्या रस्त्याने चालताना त्यांनी सगळं सांगितलं. दोघं सापडली होती. नवऱ्याच्या अंगावर मांस आलं होतं, पाणी खरंच घरामागे होतं. बाईने त्यांना जेवायला वाढलं आणि म्हणाली, “पोट भरतंय, सायेब. पर हितं आमाला नावानं कुनी हाक मारत न्हाई.”

“मग त्यांचं बरं झालं की वाईट?” मी विचारलं.

“त्याला रकाना नाही,” ते म्हणाले.

पुढे कुणी दुसऱ्या मुलखाचं विचारलं की ते मान खाली घालून लिहीत राहत. पावसाळ्याआधी त्यांनी स्वतःच बदली मागून घेतली.

वर्षभराने मी एकटाच त्या डोंगरात गेलो. झोपडीवर नवं गवत शाकारलेलं होतं. तीच बाई अंगणात नाचणी पाखडत होती. तिने सायबांची चौकशी केली. तुमचं जाणं त्यांनी जिवाला लावून घेतलं होतं, असं मी सांगितलं. ती सूप खाली ठेवून म्हणाली, “त्येंच्यामुळं गेलो न्हाई, म्हनावं. आमीच गेलो, आमीच आलो.”

हे त्यांना कळवायचं म्हणून बदलीच्या गावी मी पत्र टाकलं. तिथल्या कारकुनाचं उत्तर आलं: ते इथे दोनच महिने होते, पुढे कुठे गेले ते सांगून गेले नाहीत.