पहिला घास भुऱ्याचा

डांबरावरून लोखंडी साखळी फरफटत येते तेव्हा तिचा आवाज कसा असतो, हे तुम्ही कधी लक्ष देऊन ऐकलं आहे? एका टोकाला कुत्रा आणि दुसऱ्या टोकाला माणसाचा हात असतो तोवर ती जवळजवळ मुकीच असते. मधूनच एखादी कडी किणकिणते, इतकंच. पण ते दुसरं टोक मोकळं झालं की ती रस्ता खरवडत येते. मागच्या मे महिन्यात, एका सकाळी, कूलरच्या घरघरीतून तो आवाज आमच्या फाटकापर्यंत आला. उन्हं चढायच्या आत बाबा भुऱ्याला घेऊन फिरायला गेले होते. भुऱ्या परत आला होता. मी फाटक उघडलं, त्याच्यामागे पाहिलं, आणि रस्ता वळणापर्यंत रिकामा होता.

वळणापलीकडे, कडुनिंबाखालच्या बाकाशी, बाबा आम्हाला सापडले. डॉक्टरांनी हृदयाचं नाव घेतलं. त्यांचं प्रत्येक वाक्य मला ऐकू येत होतं, समजतही होतं, आणि तरीही ते कुण्या शेजाऱ्याविषयी बोलत असावेत असं वाटत राहिलं. आघात म्हणजे काहीतरी कोसळण्याचा आवाज, अशी माझी पुस्तकी समजूत होती. तसं काहीच कोसळलं नाही. कूलर चालूच होता. दारातल्या मोगऱ्याला बाबांनी पहाटे घातलेलं पाणी अजून आळ्यात ओलं होतं. आणि संध्याकाळी आईने सवयीने समोर ठेवलेली दूध-पोळी भुऱ्याने भांडं चाटूनपुसून खाल्ली.

त्याचा मला केवढा धक्का बसला! मी वाचलेल्या गोष्टींतली कुत्री धन्यामागे अन्न सोडतात, डोळे मिटून पडून राहतात. आमचा भुऱ्या जेवला, शेपूट हलवून त्याने आणखी मागितलं. प्रेम म्हणून आपण जे काही समजत होतो ते इतकं उथळ होतं का, हा प्रश्न बाबांच्या जाण्याहूनही त्या क्षणी मला मोठा वाटला. कदाचित तो लहान होता, मनात मावण्याजोगा होता, म्हणूनच. एक मात्र झालं. भुऱ्या एकटा राहीना. घर रिकामं झालं की तो असं रडायचा की शेजारच्या काकू भिंतीवरून म्हणायच्या, "बाई, याले घेऊनच जात जा कुठंही. काळजाचं पाणी होते."

आमच्या घरात कुत्रं नाही असा काळ मला आठवत नाही. भुऱ्याआधी चिंगी होती, काळी, एक कान पडलेली; बाबांनी तिला सायकलच्या टोपलीत घालून आणलं तेव्हा मी अजून रांगत होते म्हणे. बाबा वीज खात्यात अभियंता. मोजकं बोलणारे, आणि तेही बहुधा कुत्र्यांशीच. ताट वाढलं की पोळीचा पहिला तुकडा ते खाली, चिंगीच्या आणि पुढे भुऱ्याच्या तोंडी द्यायचे, मग स्वतः जेवायला सुरुवात करायचे. आई दररोज तेच म्हणायची, "अहो, आधी तुम्ही तर खा." बाबा दररोज ऐकल्यासारखं करायचे. काही घरांत देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय जेवत नाहीत; आमच्या घरातला देव टेबलाखाली लाळ गाळत बसलेला असे.

रविवारी सकाळी ते मला आणि कुत्र्याला काटोल रस्त्याने शहराबाहेर, जुनापाणीकडे नेत. तिथल्या माळावर, काटेरी झुडपांत, मोठमोठ्या शिळांची वर्तुळं आहेत. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या मृतांना पुरलं आणि त्यांच्याभोवती माणसाला न हलणारे दगड मांडले. या भागातल्या अशा काही वर्तुळांत माणसाजवळ घोडासुद्धा पुरलेला सापडला आहे, हे मी पुढे वाचलं. काही शिळांवर बोटाच्या पेराएवढे खळगे कोरलेले आहेत. पाऊस होऊन गेला की त्यांत पाणी साचे आणि भुऱ्या ते जिभेने टिपून घेई. बाबा दगडाला हात लावून उभे राहत. एकदा म्हणाले, "कोण असन गा हा, ज्याच्यासाठी लोकांनी एवढे दगडं ओढले?" प्रश्न कुत्र्याला होता. पण तो माझ्यात जाऊन रुतला. मी विज्ञान शाखेत शिकत राहिले, गणितं सोडवत राहिले, प्रवेशपरीक्षा दिली, बरे गुणही मिळवले. आणि आत कुठेतरी तो माळ, ती वर्तुळं तशीच राहिली.

चिंगी गेली तेव्हा बाबांनी तिला परसात पेरूखाली पुरलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर मातीभोवती विटांचे तुकडे आणि नदीतले गोटे गोल मांडून ठेवलेले. मी पाहते आहे हे कळल्यावर ते ओशाळून म्हणाले, "मांजरं उकरतील म्हणून." आमच्या गल्लीत तेव्हा एकही मांजर नव्हतं.

मी काय शिकावं याविषयी ते काहीच बोलले नाहीत. बारावीचे निकाल लागायचे होते, जून यायचा होता, वेळ आहे असं आम्हा दोघांनाही वाटत होतं. वेळ असतो, या एका समजुतीवर घरातल्या किती गोष्टी न बोलता पडून राहतात! प्राचीन इतिहास शिकायचा आहे हे मी त्यांना सांगणार होते. पुढच्या रविवारी, दगडांपाशी.

बाबांचा दहावा आम्ही रामटेकला, अंबाळ्याच्या तलावावर केला. एकुलती म्हणून विधीला मीच बसले. भुऱ्याला मागे ठेवणं शक्य नव्हतं. त्याला गाडीतून आणून पलीकडे एका लिंबाच्या रोपट्याला बांधलं होतं. बाबांचे धाकटे भाऊ, उमरेडचे काका, सगळं बघत होते. भाताच्या पिंडावर काळे तीळ होते, पाण्यावर ऊन असं चकाकत होतं की डोळे उघडेनात, आणि समोर वडाच्या फांदीवर कावळा बसला होता. तो पाहत होता. खाली येत नव्हता.

तुम्ही अशा वेळी तिथे उभे राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, की शिकलेपण तेव्हा किती पातळ होतं. पिंडाला कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याचं मन कशाततरी अडकलं आहे, असं मानतात. आत्या पुढे झाली, "दादा, वहिनीले आम्ही एकटं नाही पडू देणार." कावळ्याने मान वाकडी केली. काकांनी हात जोडून घराचं, मोगऱ्याचं, कशाकशाचं सांगून पाहिलं. मग ते माझ्याकडे वळले.

"तू बोल बाप्पा. त्याचा जीव तुझ्यातच गुंतून राहिला आहे. म्हण, बाबा, मी इंजिनिअर होईन म्हणून."

"बाबा तसं कधी म्हणाले नव्हते," मी म्हटलं.

"काहून म्हणन तो? तो कधी काही म्हणे का? अवं, स्वतः इंजिनिअर माणूस. आता तो उपाशी बसून आहे तिथं, अन् तू वकिली करून राहिली."

उपाशी. या एका शब्दाने मी पुरती मोडले. फांदीवरचा तो पक्षी कावळाच आहे, त्याला आमच्या वर्दळीची भीती वाटते आहे, हे मला कळत होतं. पण माझे बाबा उन्हात भुकेले बसले आहेत आणि एक वाक्य बोलले तर जेवणार आहेत, हेही मला तितकंच खरं वाटत होतं. आणि मृताला दिलेला शब्द परत कसा घ्यायचा? जिवंत माणसाशी निदान भांडता येतं. सारे थांबले होते. आई माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी हात जोडले, म्हणाले, "बाबा, मी..."

आणि मागून तो आवाज आला. फरशीवरून साखळी फरफटत येण्याचा.

क्षणभर मी पुन्हा आमच्या फाटकाशी होते, आणि मागचा रस्ता रिकामा होता. रोपटं उपटलं होतं की गाठ सुटली होती, कोण जाणे! भुऱ्या काकांच्या पायांमधून निघाला, पिंडापाशी आला आणि दोन घासांत त्याने तो संपवला. पान चाटलं. मग मागच्या पायांवर बसून, नाकावर भाताचं एक शीत घेऊन, वर पाहत राहिला. टेबलाखालून पाहायचा तसाच.

"अबे हाड! पकडा त्याले!" काका ओरडले. आत्याने तोंडाला पदर लावला. कुणालाच हलता येईना. गुरुजी अस्पष्ट पुटपुटले, की श्वानाचाही वाटा शास्त्रात सांगितला आहे, पण तो हा नव्हे.

तेवढ्यात आईच्या घशातून एक आवाज आला. ते हसू होतं की रडू, मला आजही सांगता येणार नाही. बाबा गेल्यापासून तिने काढलेला तो पहिलाच मोठा आवाज होता. "असू द्या भाऊजी," ती म्हणाली. "त्याच्याआधी हे कधी जेवलेत का? एक दिवस तरी?"

काकांचा उगारलेला हात खाली आला. भुऱ्याने सांडलेल्या शितांकडे पाहत कावळा फांदीवरून उतरला, तिरप्या उड्या मारत आला, त्याच्या शेपटीमागची दोन-चार शितं उचलून उडाला. "शिवला, शिवला," गुरुजी घाईने म्हणाले. कावळे कुत्र्यांच्या मागे असेच येतात, हे मला ठाऊक आहे. त्यांनाही असणार.

माझं वाक्य मात्र अर्धवट राहिलं. परतताना गाडीत काका दोनदा म्हणाले, "तुझं बोलणं राहूनच गेलं." त्यांचं म्हणणं खरं होतं. ज्या शब्दाने मी जन्मभर बांधली गेले असते तो एका कुत्र्याच्या भुकेने अडवला होता, आणि आता उरलेला शब्द माझा मलाच शोधायचा होता. उन्हाने तापलेल्या त्या गाडीत भुऱ्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो जेवला होता म्हणून मी त्याच्यावर रागावले होते. बाबांनी रोज घास दिला तो त्याने खावा म्हणूनच ना?

पुढच्या रविवारी मी त्याला घेऊन जुनापाणीला गेले. दगडाला हात लावून उभी राहिले आणि वाक्य पुरं केलं: बाबा, मी या दगडांचंच शिकते. वारा नव्हता. कावळाही नव्हता. होकार देणारं तिथे कुणीच नव्हतं, आणि ते फार भयंकर वाटलं. घरी येऊन आईला सांगितलं. भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "पेरूखालचे दगड पाहिले तेव्हाच मला वाटलं होतं, हे खूळ बापलेकीचं एकच आहे."

प्रवेश झाल्याचं ऐकून काका उमरेडहून आले. येताना कोथिंबिरीचं सारण भरलेली गरम सांबारवडी घेऊन आले, आणि बसता बसता म्हणाले, "दगडं शिकून काय करशीन वं तू?" मग वडीचा तुकडा मोडला, फुंकर घालून निववला, आणि आमच्यापैकी कुणाकडेही न पाहता टेबलाखाली धरला.

आता सकाळी भुऱ्याला मी नेते. कडुनिंबाच्या बाकाशी तो थांबतो, हुंगतो, पुढे चालू लागतो. साखळी आमच्या दोघांत सैल लोंबत असते, फारसा आवाज करत नाही. तरी मी कान देऊन असते. आणि वळणावर आलं की अजूनही, दररोज, मागे वळून पाहते.