धोंडिबा मामांचं मागचं सीट

दसऱ्याला पूजेसाठी मामांची मोटारसायकल धुवायचं काम माझ्याकडं होतं. टायरच्या कडेला बारीक भेगा दिसल्या. मी त्यावर काळं पॉलिश फासलं, वरून झेंडूची माळ घातली. आमच्या शाळेत फळा असाच रंगवायचे; तडा आत तसाच.

धोंडिबा मामा शहरातल्या छावणी भागात राहतात. रिटायर झाल्यापासून गाडी बहुतेक अंगणात उन्हातच उभी असते. पण काढली, की मागचं सीट रिकामं जात नाही. रस्त्यात कुणीही दिसो, मामा थांबणारच. बसवताना विचारतात, "पदर गोळा केला का?" गड्यालाही हेच विचारतात. "माझ्या मागून आजवर कुणी पडलं नाय," एवढंच ते मिरवतात.

दसऱ्यानंतर म्हणाले, "भाच्या, वळणावर गाडी मागून सरकल्यावानी वाटती रं."

"वय झालं, मामा. गाडीचं नाय, तुमचं."

हसले. वाकून टायर बघितले. काळेभोर, नक्षी शाबूत. त्यांना पटलं.

त्याच आठवड्यात शेजारच्या कडूबाईंना क्रांती चौकात सोडायला निघाले. वळणावर टँकरचं पाणी सांडलेलं. वेग बैलगाडीचा, तरी मागचं चाक सटकलं. कडूबाईंचा हात प्लास्टरमध्ये गेला.

गाडी घरी आल्यावर मी टायरला नख लावून बघितलं. नख वाकलं, रबर नाही. न झिजताच, उभ्या उभ्या त्याचं लाकूड झालं होतं. आणि मामा गल्लीभर सांगत होते, "माझेच हात थकले."

मग मी दोघांपुढं सगळं सांगितलं. कडूबाई म्हणाल्या, "लई गुणाचा हायेस. लग्नातल्या नवऱ्या नटव आता." मामा हसले नाहीत.

"पॉलिश तुझं. पण बाई माझ्या भरवशावर बसली व्हती."

नवे टायर बसवले. मामा गाडी काढतात. ओळखीचं माणूस दिसलं, की मान खाली घालून पुढं जातात.

परवा प्लास्टर निघालेल्या कडूबाई दारात उभ्या. "धोंडिबाभाऊ, क्रांती चौक म्हणून बसवलं अन् निम्म्यात उतरवलं. राहिलेलं कधी पोचवता?"

"पोचवीन की," मामा म्हणाले आणि स्वच्छ सीट पुसत बसले.

"पदर गोळा करूनच आले मी."

मी किल्ली पुढं केली. मामांनी हात काही फडक्यावरून उचलला नाही. कडूबाई थोडा वेळ थांबल्या, मग रिक्षानं गेल्या.