गाठीपाशी लाकूड राखायचं

शाळेत लाकडी धनुष्य एकच होतं आणि ते संस्थाचालकांच्या पुतण्याच्या हातात असायचं. माझ्या धाकट्या बहिणीला ते मिळायचं तो दमल्यावर. मी त्यावर पत्रक काढलं, ताडकळसच्या बाजारात वाटलं. क्रीडाशिक्षकांनी ते वाचलं आणि बहिणीला एवढंच सांगितलं, "रविवारच्या निवडचाचणीला स्वतःचं धनुष्य आण." पत्रक माझं, शिक्षा तिला.

शुक्रवारी आम्ही दोघी गल्लीतल्या सुतारकाकांकडे गेलो. त्यांच्याकडे धामणीच्या लाकडाचा दांडा होता, दोन उन्हाळे सावलीत वाळलेला.

"हा गेला तर दुसरा न्हाई," काका म्हणाले. "सालीखालची बाजू निशाण्याकडं ठेवायची. तिला हत्यार लावू नको, तिथला धागा तुटला की धनुष्य मोडलं. छिलायचं ते आपल्याकडच्या अंगानं. मधली मूठ जाड राहू दे."

एवढं सांगून ते चौकट बसवायला गेले. मी पट्टी घेऊन बसले. मुठीच्या दोन्ही बाजू सारख्याच जाड हव्यात, त्यात तडजोड नाही, असं मी ठरवलं होतं. मुठीखालच्या बाजूला गाठ होती. पट्टी लावली की तिथे दोन सूत जास्त भरायचे. मी रंधा मारून ती सपाट केली.

काका परतले. त्यांनी दोन्ही टोकांना दोरी बांधली आणि मूठ भिंतीतल्या खुंटीवर टेकवून ती वीतभर खाली ओढली. बिनगाठीची बाजू गोल वाकली. दुसरी गाठीपाशी कोपरासारखी दुमडली आणि बारीक करकरली.

त्यांनी दोरी हळूहळू सैल केली. "गाठ कुणी रंधली?"

"मी. दोन्ही बाजू सारख्या केल्या."

"आगं माय, पट्टीला काय कळतंय? गाठीपाशी लाकूड कच्चं असतं, तिथं जास्तीचं राखायचं. धनुष्य करायलीस का पत्रक लिहायलीस?"

"दोन्ही करायलीय," बहीण म्हणाली. "अन् दोन्ही माझ्याच अंगावर."

ती हसत नव्हती.

काकांनी गाठीवर चिकट सरसात भिजवलेला सुती दोरा घट्ट गुंडाळला. तो वाळायला शनिवार उजाडला. मग गाठ आणि मूठ सोडून आपल्याकडचं बाकी सगळं अंग काचेच्या तुकड्यानं खरवडायचं, वीस वेळा हलकं ओढायचं, वाक बघायचा, पुन्हा खरवडायचं. वाक सारखा आल्याशिवाय दोरी बोटभरही जास्त ओढायची नाही. प्रत्येक ओढीला आम्ही तिघं कान लावून लाकडाचा आवाज ऐकायचो. दुपारपर्यंत करकर थांबली होती, पण खरवडून खरवडून धनुष्य बरंच नरम झालं होतं, त्याचा जोर कमी झाला होता.

अंगणात बहिणीनं ते माझ्या हातात दिलं. "अक्का, पहिल्यांदा पुरं तू ओढ. मोडलं तर तुझ्या हातात मोडू दे."

मी दोरी गालापर्यंत आणली. दोरा गुंडाळलेली गाठ खाली माझ्या मांडीसमोर होती. काकांनी दहा आकडे मोजले. लाकूड बोललं नाही.

मग तिनं धनुष्य घेतलं. पहिला बाण निशाण्यासाठी ठेवलेल्या भुशाच्या पोत्याच्या अलीकडेच मातीत घुसला. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. दुसरा बाण लावला आणि धनुष्याचा हात चार बोटं वर घेतला.