फ्लॅश आधी पडला होता

नगरला ज्या हॉलमध्ये व्हॉलीबॉलचे सामने व्हायचे, तो मुळात सामन्यांसाठी बांधलेलाच नव्हता. कॉलेजच्या परीक्षा, स्नेहसंमेलन आणि अधूनमधून कुणाचं तरी लग्न, यासाठी ती जागा. पत्र्याचं उंच छत, त्याला टांगलेले सहा मर्क्युरीचे दिवे. त्यातला एक कायम बंद आणि एक फडफडणारा. भिंतींना छातीपर्यंत तपकिरी ऑइलपेंट. बॉलवर नजर ठेवताना ऊन डोळ्यांत येतं म्हणून वरच्या खिडक्यांच्या काचाही रंगवून टाकलेल्या. भर दुपारी आत गेलं तरी सातच्या सुमाराला आल्यासारखं वाटायचं. खेळणाऱ्यांचे डोळे दहा मिनिटांत सरावायचे. कॅमेऱ्याला तशी सवय होत नाही.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. एका स्टुडिओत कामाला होतो आणि नगरच्याच एका दैनिकाला फोटो द्यायचो. वडील राहुरीकडच्या साखर कारखान्यात कामगार. आमच्या वस्तीतल्या विहारात कार्यक्रम असला की फोटो मीच काढायचो, त्यामुळे वस्तीत थोडीफार ओळख होती. पण दैनिकाचं ओळखपत्र खिशाला लावून घरी गेलो, त्या दिवशी वडिलांनी ते काढून दोन्ही बाजूंनी पाहिलं, सदऱ्याच्या टोकानं पुसलं आणि परत माझ्या खिशाला लावलं. तेव्हापासून ते ओळखपत्र जाईल अशी धास्ती मला कायम असायची. सबब म्हणून हे सांगत नाही. पण धास्ती होती.

त्या हॉलमधले माझे पहिले फोटो फुकट गेले. माणसं दिसायची, हात दिसायचे नाहीत. बॉलच्या जागी पांढरा फराटा. स्टुडिओचे मालक म्हणाले, "अंधारात पळती गोष्ट पकडायला निघालास. आधी ती थांबते कुठं ते बघ." मग मी आठवडाभर कॅमेरा न घेता हॉलमध्ये जाऊन नुसता बसलो. स्मॅश मारायला उडी घेतलेली मुलगी वर पोचल्यावर पापणी लवेपर्यंत हवेत स्थिर असते, हे तेव्हा दिसलं. तेवढ्यातच बटण दाबायचं. फिल्म कृष्णधवल घ्यायची, असते त्याहून जास्त संवेदनशील आहे असं धरून कमी उजेडात काढायची आणि नंतर डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची. फोटो रवाळ यायचा, चेहऱ्यावर जाड वाळू फेकल्यासारखा, पण यायचा. रोलमधल्या छत्तीसातले दोन-तीन बरे निघाले की मी खूश.

फ्लॅश मारला असता तर सगळंच सोपं होतं. पण समोरून फ्लॅश पडला की खेळणाऱ्याला क्षणभर काही दिसत नाही, म्हणून सामन्यात फ्लॅशला मनाई होती.

त्या हिवाळ्यात राज्यभरातल्या जिल्ह्यांच्या मुलींचे संघ नगरला खेळायला आले. सामने तीन दिवस होते. आमच्या जिल्ह्याच्या संघात एक मुलगी राजूरच्याही वरच्या डोंगरातल्या एका वाडीवरची होती. उंचीनं बेताचीच, पण उडी अशी की बघणारा गप्प व्हायचा. संघाचे सर पन्नाशीचे, एका शाळेत पी.टी. शिकवणारे. त्यांनी तिला आश्रमशाळेच्या मैदानावर पाहून नगरला आणलं होतं.

पहिल्या दिवशी सकाळी मी संघाचा फोटो बाहेर उन्हात काढला. फोटो झाल्यावर बाकीच्या मुली गेल्या, ती थांबली.

"दादा, एक सांगू का? ती लाईट मारू नका हां मॅचमधी. मागं संगमनेरला एकानं मारली, तर मला बॉल दोन दिसाया लागले."

"नाही मारणार. परवानगीच नाही."

"तसं न्हाई. परवानगी आसली तरी मारू नका. निवडीवाले सायेब आल्यात. राज्याच्या टीममधी नाव लागलं तर पोलिसात घेत्यात, सर म्हनले. घरी मी सांगून आलेय, आता नोकरी घिऊनच येती म्हनून." आणि स्वतःच हसली.

मी म्हणालो, "शब्द देतो."

दोन दिवस मी शब्द पाळला. आमचा संघ जिंकत गेला आणि माझे फोटो वाईट येत गेले. ती इतकी चपळ होती की एका फोटोत तिला चेहराच नव्हता. दैनिकात खेळाचं पान बघणारे गृहस्थ होते, त्यांनी दुसऱ्या दिवशीचे फोटो टेबलावर पसरले आणि म्हणाले, "ही काय भुतं खेळवतोस का? उद्या फायनल. आपल्या जिल्ह्याच्या मुली. चेहरा दिसला पाहिजे. जमत नसेल तर तसं सांग, दुसरा माणूस बघतो."

तिसऱ्या दिवशी निघताना मी फ्लॅश बॅगेत टाकला. बक्षीस समारंभाला लागेल, असं मनाशी म्हणालो.

फायनल पाचव्या सेटपर्यंत गेली. पाचव्या सेटमध्ये प्रत्येक बॉलला गुण असतो, त्यामुळे हॉलमध्ये बसलेलं कुणी नव्हतंच, सगळे उभे. अकरा-अकरा असताना व्होल्टेज पडलं आणि सगळे दिवे गेले. वीज लगेच आली, पण मर्क्युरीचा दिवा एकदा विझला की आधी निवावा लागतो आणि मग हळूहळू पेटतो. दहा मिनिटं थांबायला हवं होतं. पण प्रमुख पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं होतं. संयोजक पंचांच्या कानाशी लागले आणि दिवे अजून जांभळट, मिणमिणते असतानाच खेळ सुरू झाला. मी उजेड मोजला. मीटरचा काटा हललाच नाही.

मी फ्लॅश काढून कॅमेऱ्यावर बसवला. नेटच्या खांबापासून चार-पाच पावलांवर, पलीकडच्या संघाच्या बाजूला उभा होतो. मनाशी ठरवलं, बॉल तिच्या हाताला लागून गेला की मगच दाबायचं. म्हणजे तिला त्रास नाही आणि चेहराही मिळेल.

तेरा-चौदा. आम्ही एकानं मागे, पंधराला सामना संपणार. पलीकडची सर्व्हिस. बॉल सरळ तिच्याकडे निघाला. ती गुडघ्यांत वाकली, दोन्ही हात जोडून पुढे केले, मान वर, डोळे बॉलवर. म्हणजे जवळजवळ माझ्यावरच. तीन दिवसांत खेळताना पहिल्यांदा तो चेहरा मला इतका स्थिर, इतका सबंध दिसला. आणि मी दाबलं.

बॉल तिच्या दंडावर आदळून बाजूच्या बाकांत गेला. पंचांची शिट्टी वाजली. पलीकडच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

ती दोन्ही हात तसेच पुढे धरून उभी होती. सर धावत पंचांच्या उंच खुर्चीखाली गेले. "फ्लॅश मारला हो! बॉल लागायच्या आधी मारला! पॉइंट परत खेळवा!" बाहेरच्या कशानं अडथळा आला तर गुण परत खेळवतात, तसा नियमच आहे. पंचांनी रेषेवरच्या माणसाला विचारलं. त्यानं खांदे उडवले. मग त्यांनी मला बोलावलं.

"अहो फोटोग्राफर, इकडे या. तुमचा फ्लॅश पडला तो बॉल लागायच्या आधी की नंतर? खरं सांगा."

संयोजक माझ्या खिशावरच्या ओळखपत्राकडे बघत होते. फ्लॅश मारलाच कसा, हे अजून कुणी विचारलं नव्हतं. आधी म्हटलं असतं तर तेच पहिलं विचारलं असतं. ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. मी आता खरं सांगणार, अशा नजरेनं.

मी म्हणालो, "नंतर."

पंचांनी मान हलवली आणि खाली उतरले. बक्षीस समारंभाचे फोटोही मीच काढले.

संध्याकाळी स्टुडिओत फिल्म धुतली. लाल दिव्याखाली कागदावर ती हळूहळू उमटत गेली. आधी केस, मग भुवया, मग पुढे केलेले हात. डोळे टक्क उघडे, बॉलवर. आणि बॉल तिच्या हातांपासून चांगला दीड-दोन हात लांब, हवेत, त्याची शिवणसुद्धा मोजता येईल असा स्पष्ट. तो फोटो बघून कुणीही सांगू शकलं असतं. तशीच ओली प्रत घेऊन मी पंच उतरले होते त्या विश्रामगृहावर जाऊ शकलो असतो. सायकलवर दहा मिनिटांचं अंतर. निवडीची यादी दुसऱ्या दिवशी सकाळी लागणार होती.

मी बॉल कापून प्रिंट काढून पाहिली. बॉलशिवाय तो फोटोच उरत नव्हता. मग अख्खा फोटो दैनिकात नेऊन दिला. पान बघणारे गृहस्थ खुर्चीतून उठले. "आता कसं! याला म्हणतात फोटो!" शेवटच्या पानावर चार कॉलममध्ये छापला, खाली माझं नाव. माझा खोटेपणा घरोघर गेला आणि लोकांनी मला शाबासकी दिली. वडिलांनी कारखान्यात पाच जणांना तो अंक दाखवला.

यादीत तिचं नाव नव्हतं. निर्णायक क्षणी बिचकते, असं निवडसमितीतलं कुणीतरी म्हणाल्याचं कानावर आलं.

चार दिवसांनी सर स्टुडिओत आले. अंक काउंटरवर पसरला आणि बॉलवर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

मी काउंटरवरची पाकिटं सरळ करू लागलो.

"मी तुझ्याशी भांडायला आलो नाही. मला लेखी दे. फ्लॅश आधी पडला होता, एवढीच एक ओळ. मी वर अर्ज करतो. अजून वेळ गेलेली नाही."

"उद्या देतो, सर."

दुसऱ्या दिवशी मी घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराचे फोटो काढायला गेलो. कुणी पाठवलं नव्हतं, मीच मागून घेतलं. सर आणखी दोनदा येऊन गेले. एकदा मी आत अंधाऱ्या खोलीत होतो आणि मालकांना सांगितलं, बाहेर गेलाय म्हणा. मालकांनी तसं सांगितलं, पण नंतर दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. सर पुन्हा आले नाहीत.

दीडेक वर्षानं दैनिकानं मला राजूरच्या बाजाराचे फोटो काढायला पाठवलं. हिरड्याच्या पोत्यांची रांग घेत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "दादा, वळखलं का?"

ती होती. अंगानं भरली होती, केसांचा अंबाडा घातला होता. आश्रमशाळेत मुलींना खेळ शिकवते म्हणाली, तात्पुरती, दरवर्षी नव्यानं ऑर्डर येते. पोलीसभरतीला दोनदा गेली होती, झालं नाही. ती मोकळेपणानं बोलत होती.

"तुमचा फोटो आयनं भिताडाला लावलाय. पेपरातला. मला म्हनती, बग, देवाफुडं हात जोडल्यावानी दिसती."

मी लेन्सवर झाकण लावलं.

"सर लई दिस तुमच्यावर चिडून हुते. म्हनायचे, खोटं बोलला त्यो. मी म्हनायची, न्हाई सर. बटान दाबल्यावर मिशीनीत अंधार हुतो म्हनं, फोटो काढनाऱ्यालाच दिसत न्हाई. मला एकानं सांगितलं हुतं. मग त्येंना कसं कळनार, आधी का मागून? व्हय ना?"

खरंच तसं होतं. बटण दाबताच आतला आरसा उचलला जातो आणि तेवढा क्षण डोळ्यांपुढे काळोख होतो. ती सबब तिनं स्वतः तयार करून दीड वर्ष जपली होती आणि आता माझ्या हातात देत होती. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "मला कळलं होतं. दाबायच्या आधी बॉल लांब होता, ते दिसलं होतं. मी घाबरलो."

खरं बोलल्यावर हलकं वाटेल, असं मला वाटलं होतं. तिच्या चेहऱ्याकडे बघून समजलं की हेही मी माझ्यासाठीच केलं.

तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"हे आज सांगितलं नसतं तरी चाललं आसतं," म्हणाली आणि रस्ता ओलांडून वाडीकडच्या जीपमध्ये जाऊन बसली.

जीप भरायला अजून चार-पाच माणसं कमी होती. ड्रायव्हर बोनेटवर बसून गिऱ्हाईक बोलावत होता. ती मागच्या बाकावर कडेला बसली होती. मी रस्त्याच्या अलीकडे, हिरड्याच्या पोत्यांपाशी. निघून जावं तर पाय उचलेना, जवळ जावं तर काय म्हणणार. पाऊण तास तसाच गेला. तिनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मग दोन म्हाताऱ्या आल्या, एक माणूस कोंबड्या घेऊन चढला आणि जीप निघाली.