आप्पा पेटीतून उठतात

मला भुताटकीचे जुने सिनेमे आवडतात, आणि तेही सत्तरच्या दशकातले, स्वस्तातले. दोरीला लोंबणारं रबरी वटवाघूळ, हात लागण्याआधीच करकरणारं दार, आणि मेलेल्या माणसाची छाती सरळ वरखाली होताना दिसते. ती छाती पाहून मी पोट धरून हसते. शाळेत शिकवणाऱ्या बाईनं असलं काही बघावं हे माझ्या नवऱ्याला अजून पटलेलं नाही. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तर कधीच पटलं नाही. मी असला सिनेमा लावला की "मेल्यांचं काय बघायचं," म्हणत ते उठून अंगणात जायचे.

आप्पा यंदा गेले. तेव्हापासून मी दर रविवारी शिरूरहून दौंडला आईकडे जाऊ लागले, कारण आई रडली नव्हती. त्यांना उचललं तेव्हा नाही, दहाव्याला पिंडाला कावळा शिवला तेव्हाही नाही. बायका कुजबुजल्या. एका चुलतीनं तर तोंडावर सुनावलं, की एवढं दगडाचं काळीज बरं नव्हे. आई मात्र रोज सकाळी आप्पांच्या अंघोळीचं पाणी तापवायची, बादली मोरीत ठेवायची आणि गार झालं की झाडांना घालायची. मला तिची धास्ती वाटू लागली होती. डॉक्टर म्हणाले, त्यांना रडू द्या. जणू मीच अडवून धरलं होतं!

तसं पाहिलं तर दोघांचं चांगलं जमायचं. कधी वाजलंच तर आप्पा हमखास म्हणायचे, "तुझं काय, तू माझ्यासाठी कवाच रडून मोकळी झालीस." आई लटकं रागवायची आणि भांडण तिथंच मिटायचं. याचा अर्थ आम्ही भावंडांनी विचारला तर दोघंही नुसते हसायचे. नवराबायकोची थट्टा म्हणून आम्ही सोडून दिलं.

त्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आई शेंगा फोडत बसली होती आणि मी टीव्हीवर सिनेमा लावला. कुणीतरी इंटरनेटवर नुकताच चढवलेला, चित्र खरखरीत, सुरुवातीची नावं कापलेली. एक दगडी बंगला होता. मागं रेल्वेचं इंजिन शिट्टी मारत होतं आणि ती शिट्टी काढून टाकायचं कुणाला सुचलं नव्हतं. हा बंगला आपल्या दौंडातला आहे, असं आई म्हणाली. असे बंगले छप्पन असतील, मी म्हटलं. मग तळघर आलं, धूर आला. मढ्याच्या पेटीचं झाकण सरकलं आणि आतला माणूस ताठ उठून बसला. तोंडाला पांढरी पावडर, दोन सुळे, हनुवटीवर कुंकवाच्या पाण्यासारखं रक्त.

ते आप्पा होते.

मी आधी कान ओळखले. बाहेर आलेले तसलेच कान माझ्याही डोक्याला आहेत. मिसरूड नीट न फुटलेले आप्पा दात विचकून माझ्याकडे बघत होते. आणि हेच गृहस्थ मला आयुष्यभर ऐकवत आले होते! मला राग आला, मग मी आईकडे बघितलं. तिच्या हातात शेंग तशीच होती.

"मागं घे," ती म्हणाली.

मी मागं घेतलं. आप्पा पुन्हा उठले. असं कितीदा झालं कुणास ठाऊक, आणि त्या उठण्याबसण्यात आईनं सगळं सांगितलं.

लग्नाआधी आप्पा दौंडला सुताराच्या हाताखाली काम करायचे. मुंबईच्या सिनेमावाल्यांनी पेटी सांगितली, पण माप दिलं नाही. आप्पांनी स्वतः आडवं होऊन माप घेतलं. नट आला तो ताडमाड, गुडघे दुमडले तरी झाकण बसेना. मग ज्याच्या मापाची पेटी त्यालाच पावडर फासली. कुणीतरी ही गोष्ट केंदूरला आजीच्या, म्हणजे आप्पांच्या आईच्या, कानावर घातली. जित्या माणसानं मढ्याच्या पेटीत निजणं म्हणजे मरणाला आवतण, म्हणून डोक्यावर कावळा बसला की करतात तेच आजीनं केलं. मुलगा गेल्याचा खोटा निरोप तिनं पाटसला आपल्या भावाकडं धाडला. नातलग खरं समजून रडले की आलेलं मरण टळतं. मात्र रडणाऱ्याला निरोप खोटा आहे हे ठाऊक असून चालत नाही.

पाटसच्या त्या भावाची मुलगी म्हणजे माझी आई. ती अशी रडली की घरच्यांना तिच्या मनातलं न सांगता कळलं. आणि दिवस कलायच्या आत आप्पा स्वतः दारात उभे! काम संपवून दौंडहून थेट मामाकडं जेवायला आले होते, कानामागची पावडर तशीच होती. पुढं लग्न झालं. सिनेमा इकडच्या तंबूत कधी आलाच नाही. आतेभावासाठी लग्नाआधी ऊर बडवून घेतला, हे पोरांना काय सांगायचं, म्हणून दोघं गप्प राहिले.

मला राहवलं नाही. मग या वेळी का रडली नाहीस, मी विचारलं.

"तवा मला ठावं नव्हतं, म्हणून रडनं लागू पडलं," पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "आता समदं ठावं हाय, रडनं लागू पडायचं न्हाई. आता रडले तर ते खरंच जातील."

रोज सकाळची ती बादली डोळ्यांपुढं आली.

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाली, "आता म्होरं जाऊ दे."

नायकानं लाकडी खुंटा उगारला. आप्पा मागं पेटीत पडले, डोळे मिटले. छाती वरखाली होत होती. मी हसले नाही. आई उठली, टीव्हीजवळ गेली आणि त्या छातीवर तिनं तळहात ठेवला.

"श्वास चाललाय बघ त्यांचा."

तिच्या हाताखाली झाकण सरकत आलं आणि बरोब्बर मापात बसलं. आईनं असा हंबरडा फोडला की शेजारच्या बायका खरकट्या हातांनी धावत आल्या. काय झालं, काय झालं, म्हणून विचारू लागल्या.

मी म्हटलं, "आमचे आप्पा गेले."